डावीकडे ओढणारी गाडी

चाळीस वर्षं ज्या पायांनी शिलाई मशीन पळवलं, ते पाय मास्तरांच्या गाडीत बसले की नांगी टाकायचे. घरी कसा मशीनचा पायटा हलायचा, पाळण्याला झोका द्यावा तसा. इथे मात्र एक पाय म्हणायचा मी निघालो, दुसरा म्हणायचा मी थांबलो, आणि दोघांच्या भांडणात गाडी एक उचकी देऊन गप्प व्हायची.

"मारली!" शेजारून मास्तर ओरडायचे. "परत मारली! अहो काकू, क्लच आहे तो, पायाखाली झुरळ सापडलंय का तुमच्या? हळू सोडा, हळू!"

गल्लीत सगळे त्यांना शिवणकाकू म्हणत. शाळेचे गणवेश, नर्सबाईंचे कोट, कुणाच्या पडद्यांना झालर, कुणाच्या पँटला नवी चेन, सगळं काकूंकडे. त्यांच्या हातून कधी टाका सुटला नव्हता. म्हणूनच असेल, एकसष्टाव्या वर्षी कुणाची तरी रोज बोलणी खायची, हे त्यांना नवं होतं आणि झोंबत होतं.

पण शिकणं भाग होतं. यजमान जाऊन दहा महिने झाले होते आणि त्यांची गाडी दारात उभी होती. तिच्यावरचं कव्हर काकूंनीच शिवलेलं, दोन आरशांसाठी कानासारखे दोन खिसे ठेवून. एक आड एक रविवारी त्या गाडीतून दोघं नदीपलीकडे ताईकडे जायची. ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. तिचे गुडघे कधीचे संपावर गेलेले, ती यायची नाही. जायचं ते काकूंनीच. यजमान गेल्यावर काकू तीन बस बदलून दोनदा जाऊन आल्या. दुसऱ्या खेपेला शेवटची बस चुकली आणि पाऊण तास चालत घर गाठावं लागलं. त्यानंतर जाणं राहिलंच. फोनवर ताई म्हणायची, "ये गं," आणि काकू म्हणायच्या, "येते गं," आणि दोघींना कळायचं की हे नुसतं बोलणं आहे.

मुलीचं म्हणणं सरळ होतं. "आई, उभी गाडी सडते. दोनदा नापास झालीस. तिसऱ्यांदा झालीस तर विकून टाकू, कबूल?"

काकू कबूल म्हणून बसल्या होत्या. जावयाने तर गिऱ्हाईकही शोधून ठेवलं होतं, त्याच्याच ऑफिसातला एक माणूस. टेस्ट गुरुवारी दुपारी दोनला. गिऱ्हाईक शुक्रवारी सकाळी.

पहिल्यांदा नापास झाल्या ती चूक त्यांचीच, हे काकू मान्य करत. वळणावर खांब होता, त्या खांबाकडे बघत राहिल्या, आणि जिकडे नजर तिकडे गाडी. पण तीन आठवड्यांपूर्वीची दुसरी टेस्ट त्यांना अजून उमगली नव्हती. चढावर गाडी तीनदा बंद पडली. सरळ रस्त्यावर डावं चाक पांढऱ्या पट्टीवर चढलं. पाय तेच, हात तेच, आदल्या महिन्यात जमत होतं ते. मग झालं काय? रात्रभर त्या आपल्याच पायांकडे बघत बसल्या, जणू कुणी परके पाय आणून जोडलेत.

मास्तरांना कोडंबिडं काही पडत नसे. त्यांच्याकडे वही होती. तीस वर्षं गाडी शिकवलेला माणूस. समोरच्या कप्प्यात जाड पुठ्ठ्याची वही, आणि रोजच्या तासानंतर त्यात शिकणाऱ्याची चूक लिहायची. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून धंद्यावरून नोंद. बेकरीवाला, नर्स, कॉलेजवाली. "चूक लिहिली की निम्मी सुधारते," ते म्हणत. गाडीने काहीही केलं, धक्का दिला, कुरकुरली, अडखळली, तरी मास्तर गाडीकडे बघत नसत. स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाकडे बघत. गाडी शिकवणाऱ्याला ती खोड लागतेच. नवशिक्याच्या हातात गाडी जे काही करते, ते नवशिक्यानेच केलेलं असतं, अशी त्यांची पक्की समजूत.

एकदा काकूंनी समोरच्या काट्यांच्या मधोमध चिकटवलेला काळ्या पट्टीचा तुकडा बघून विचारलं होतं, "हे काय हो?"

"तिथं एक लाल दिवा लुकलुकतो. शिकणारे रस्ता सोडून त्याच्याकडे बघत बसतात, घाबरतात. म्हणून झाकला त्याचा डोळा."

"मग तो लुकलुकतो कशाला?"

"जुनी गाडी आहे. जुन्या गाडीला सवयी असतात. समोर बघा."

बुधवारी सकाळचा तास होता, टेस्टच्या आधीचा शेवटचा. गोदामांच्या मागचा रुंद, रिकामा रस्ता. काकूंनी गाडी काढली, ती नेहमीसारखी नाखुशीने निघाली, कुणी मागून पदर धरून ठेवावा तशी. दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला. ब्रेक लावला की चाकातून किंचाळी यायची, ती गेले काही आठवडे होतीच. आज तिच्या जागी वेगळाच आवाज आला, घरर्र करून, तव्यावर उलथनं खरवडावं तसा.

"जोरात दाबता!" मास्तर म्हणाले. "आणि डावीकडे कुठं चाललात? पट्टी बघा, पट्टी!"

काकूंनी स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरलं. आणि तेवढ्यात त्यांच्या नाकाला वास लागला. एका क्षणात ओळखलेला वास. त्यांनी कडेला घेऊन गाडी थांबवली.

"आता का थांबलात?"

"मास्तर, कुठंतरी इस्त्री चालू राहिलीय."

"घरी राहिली असेल! फोन करा कुणाला तरी."

"घरी नाही. इथं." काकू दार उघडून खाली उतरल्यासुद्धा. चाळीस वर्षं ज्या बाईने कापड करपायच्या आत इस्त्री उचलली, तिच्या नाकाला कोण फसवणार? पुढच्या डाव्या चाकाशी जाऊन त्या वाकल्या. हात जवळ नेला, मागे घेतला. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आणि इस्त्री तापली का बघायला बोटाने थेंब उडवावेत तसे चार थेंब चाकाच्या तबकडीवर उडवले.

चर्र.

थेंब नाचले आणि उडून गेले. काकू वळसा घालून उजव्या चाकाशी गेल्या, तिथेही चार थेंब उडवले. थेंब शहाण्या मुलासारखे बसून राहिले.

मास्तर आता उतरले होते. कमरेवर हात. "ब्रेक दाबून दाबून तापवलंत तुम्ही. दुसरं काय?"

"मी काय एकाच चाकाचा ब्रेक दाबते का हो?"

मास्तरांनी बुटाने टायर दाबून पाहिला. "हवा जास्त-कमी असेल."

"ती वही बघू जरा."

"वही कशाला?"

"बघू तर."

काकूंनी वही बॉनेटवर उघडून ठेवली आणि बोट फिरवत गेल्या, मापांची वही वाचावी तशा. बेकरीवाला, गाडी डावीकडे नेतो. नर्स, डावीकडे नेते, चढावर मारते. कॉलेजवाली, ब्रेक जोरात, आवाज येतो, डावीकडे. शिवणकाकू, डावीकडे, चढावर मारते, रेस देत नाही. मग त्यांनी चार पानं मागे उलटली. दीड महिन्यापूर्वीची. तिथे बेकरीवाला गिअर बदलताना खाली बघत होता. नर्स वळताना दिवा लावायला विसरत होती. कॉलेजवाली आरशात स्वतःला बघत होती.

"मास्तर, हे बघा. आधी प्रत्येकाची चूक वेगळी आहे. दीड महिन्यात सगळ्यांची एकच झाली." काकूंनी वही त्यांच्याकडे फिरवली. "माणसं इतकी सारखी नसतात हो. मी मापं घेते, मला विचारा. जुळ्यांचे खांदेसुद्धा सारखे येत नाहीत."

मास्तरांनी वाचलं. परत वाचलं. तीस वर्षं लोकांच्या चुका लिहिल्या, आणि गेला दीड महिना नकळत गाडीचं दुखणं लिहीत होते, तारीखवार, सुवाच्य अक्षरात. ते आत बसले, किल्ली फिरवली आणि काळ्या पट्टीचा तुकडा नखाने सोलून काढला. लाल दिवा लुकलुकतही नव्हता. लख्ख पेटून बसला होता.

गॅरेजवाल्याला सगळे हळूबा म्हणत, कारण त्याने उभ्या आयुष्यात घाईने एकच गोष्ट केली होती, लग्न, आणि तेव्हापासून तो शहाणा झाला होता, असं तो स्वतःच सांगे. त्याने स्वतःच्या गाडीला दोर बांधून मास्तरांची गाडी ओढत नेली. पुढे दोर, मागे 'शिकाऊ'ची पाटी, स्टिअरिंगमागे मास्तर मान खाली घालून. बेकरीच्या दारात उभ्या असलेल्या बेकरीवाल्याने ओरडून विचारलं, "मास्तर, मारली का?"

हळूबाने चाक काढलं आणि काकूंना जवळ बोलावलं. मास्तरांना नाही, काकूंना. "हा बघा जबडा. ब्रेक दाबला की चाकाला धरतो, पाय काढला की सोडतो. उजवा ठीक आहे. डावा धरून बसलाय, सोडतच नाही. म्हणून गाडी डावीकडे ओढते, म्हणून चढावर तिचा जीव जातो. आणि हे ब्रेकपॅड." त्याने दाखवलं ते नखाएवढं जाड उरलं होतं, एका कडेला तर तेवढंही नाही. "हे झिजायला लागलं की आधी गाडी किंचाळते. ते तिचं सांगणं. मग खरवडते. ते रडणं."

"आणि मग?"

"मग काही ऐकू येत नाही. आपण खड्ड्यात असतो." हळूबाने चिंधीला हात पुसले. "ब्रेकचं तेल खाली गेलं की तो लाल दिवा पेटतो. पॅड झिजलं की तेल खाली जातं. बिचारा दीड महिना ओरडत असेल."

मास्तरांनी घसा खाकरला. "तू असं कर. आता तेल भर, दिवा विझेल. जबडा जरा सैल करून दे. उद्या दोनला काकूंची टेस्ट आहे, ती उरकली की परवा गाडी तुझ्याकडे. मग ठेव हवं तर आठवडाभर."

हळूबाने काकूंकडे पाहिलं. "जबड्याचं सामान उद्या बारापर्यंत येईल. आलं तर. बसवायला मला तास लागतो, आणि मी घाई करत नाही."

उद्याची टेस्ट चुकली तर नंबर मागे पडायचा आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी, हे तिघांनाही माहीत होतं. शुक्रवारचं गिऱ्हाईक फक्त काकूंना माहीत होतं. तेल भरायला पाच मिनिटं. दिवा विझेल. टेस्ट घेणाऱ्या साहेबाला काय कळणार? काकूंच्या डोळ्यांपुढे नदीवरचा पूल आला, पलीकडे खिडकीत खुर्ची टाकून बसलेली ताई आली. तिचं ते "ये गं."

मग त्यांनी ते नखाएवढं पॅड हातात घेतलं, बोटांत फिरवलं. वाकलेली सुई दिसत असताना तिच्याखाली गिऱ्हाईकाचं कापड सरकवायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. हातानेच शिकून घेतलं होतं.

"तेल नको," त्या म्हणाल्या. "सगळं काम करा. जमलं तर जमलं."

"घाई करणार नाही हां मी."

"मी कुठं म्हणतेय?"

संध्याकाळी मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, कारणं शोधू नकोस हं." काकूंनी फोन ठेवला आणि मशीनवर जाऊन बसल्या. मशीनही जरा कुरकुरत होतं. त्यांनी कुपीतून तेल सोडलं, पायटा हलवला, आणि ओठांवर आपोआप आलं ते गुणगुणल्या:

मशीन माझं बाई, कुरकुर का गं करी,
तेलाचा एक थेंब, घे तुझ्या ओठावरी.

सुई गं पुढं जाते, मागं धागा तिच्या धावे,
मुक्याचं दुखणं गं, ज्याचं त्यानं ओळखावे.

दुसऱ्या दिवशी दहालाच त्या गॅरेजात हजर. उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून बटणं लावत राहिल्या. अकरा झाले. बारा झाले. सामान सव्वाबाराला आलं. हळूबाने ते आधी निवांत पुसलं, मग उजेडात धरलं, मग त्याच्याशी काहीतरी बोलला. काकूंनी दहाव्या बटणाचा टाका घट्ट ओढला आणि अकरावं बटण उचललं. मास्तर मात्र दारातून आत आणि आतून दारात फेऱ्या मारत होते.

"मास्तर, फिरू नका, आत बसा," चाकाखालून हळूबा म्हणाला. "ब्रेकच्या नळीत हवा शिरलीय, काढायचीय. मी सांगेन तसा ब्रेक दाबायचा. दाबा."

मास्तरांनी दाबला.

"धरा. धरा. मी सांगितलं का सोडा म्हणून?"

"पाय घसरला."

"लवकर सोडलात! हवा परत शिरली. पुन्हा पहिल्यापासून. हळू, मास्तर, हळू!"

काकूंनी बटणांवरची मान वर केली नाही, पण त्यांचे खांदे हलत होते. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चौथ्या खेपेला हळूबा म्हणाला, "आता बरोबर. जमतंय तुम्हाला." आणि मास्तरांना बरं वाटलं. हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं उघड दिसलं की ते स्वतःच दचकले.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी गाडी सुटली. परवान्याचं ऑफिस वीस मिनिटांवर. काकू स्टिअरिंगमागे बसल्या, रोजच्यासारखी रेस दिली, आणि गाडी टुणकन उडाली.

"अगं बाई!"

ओढणारं आता कुणी नव्हतं. मागून धरलेला पदर सुटला होता. काकूंनी सवयीने स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरलं आणि गाडी चक्क उजवीकडे निघाली, समोरून येणाऱ्या सायकलवाल्याच्या अंगावर. सायकलवाल्याने काकूंच्या सात पिढ्यांची चौकशी केली. आता ही कुणाची चूक? गाडी तर बरी झाली. म्हणजे शेवटी आपणच?

मास्तरांच्या छातीत "काय करताय!" भरून आलं होतं, काकूंना ते ऐकूसुद्धा आलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"काकू, तुमचे हात अजून कालच्या गाडीत आहेत. दीड महिना ते उजवीकडे ओढायला शिकले. मीच शिकवलं. आता सैल सोडा. ती सरळ जाईल."

काकूंनी हात सैल सोडले. गाडी सरळ गेली. किती साधी गोष्ट! शिवण सरळ चालली की कापड जसं आपणहून हाताखालून सरकतं, तसा रस्ता सरकायला लागला. पुढच्या वळणापर्यंत पाय शिकला, त्याच्या पुढच्या चौकापर्यंत हात. तरी ऑफिसच्या फाटकातून आत शिरताना ब्रेक लावला तो कालच्याच जोराने, आणि मास्तरांचं कपाळ काचेला टेकून आलं.

"हा तेवढा लक्षात ठेवा," मास्तर कपाळ चोळत म्हणाले आणि उतरले.

टेस्ट घेणारे साहेब बारीक, चष्म्याचे, हातात पुठ्ठा आणि पेन. "तिसरी वेळ का?" त्यांनी कागद बघून विचारलं.

"हो. पण पायलटसुद्धा असेच पडत-झडत शिकत असतील."

साहेब हसले नाहीत. "चला."

वळण झालं, खांबाकडे काकूंनी ढुंकून पाहिलं नाही. सरळ रस्ता झाला. डावं चाक पट्टीपासून वीतभर दूर, टाचणी लावून ठेवल्यासारखं. मग चढ आला. अर्ध्यावर साहेब म्हणाले, "थांबवा. आता काढा."

काकूंनी हातब्रेक धरला. इथेच तीनदा. क्लच हळूहळू वर येऊ दिला आणि तळपायाने ऐकत राहिल्या, पायट्यावर ऐकतात तसं, सुई कापडात शिरायच्या आधीची ती बारीकशी थरथर. आली. हातब्रेक सोडला. गाडी चढ चढली, कुठे न अडता, जणू कुणी पाठीवर हात ठेवून म्हणालं, जा.

वरती रेघ होती. "रेघेवर थांबा," साहेब म्हणाले. आनंदाच्या भरात काकूंचा पाय पुन्हा कालच्या जोराने पडला. गाडी जागच्या जागी खिळली. साहेबांच्या हातातलं पेन उडून पायाशी जाऊन पडलं.

साहेबांनी वाकून पेन शोधलं. वेळ घेतला. "ब्रेक बरे आहेत," ते म्हणाले.

"आजच दुपारी झालेत," काकू म्हणाल्या. "आणि जोरात दाबला तो मी. ती चूक माझीच आहे, गाडीची नाही."

साहेबांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. कागदावर काहीतरी लिहिलं, सही केली, कागद फाडून दिला. ब्रेक अलगद लावायला शिकणे, असं खाली लिहिलं होतं. वर लिहिलं होतं, उत्तीर्ण.

मास्तर फाटकाशी नखं खात उभे होते. काकूंनी कागद नुसता दाखवला. मास्तरांनी दोन्ही हात वर केले, मग आजूबाजूला माणसं आहेत हे आठवून खाली घेतले.

काकूंनी मुलीला फोन लावला. "त्या माणसाला सांग, उद्या येऊ नकोस म्हणावं."

पलीकडून एक किंकाळी, इतकी मोठी की मास्तरांनाही ऐकू गेली. "आई! पास? म्हणजे या रविवारी मावशीकडे? तू चालवणार?"

"या रविवारी नाही. दहा महिने एका जागी उभी आहे ती. बॅटरी निजली असेल, टायर बसले असतील, आतलं तेल किती जुनं झालंय देव जाणे. हळूबा शनिवारी येतोय बघायला. तो घाई करत नाही. पुढच्या रविवारी जाऊ."

"बरं बाई. ताईमावशीला सांगू का?"

"ते मी सांगते." काकूंनी कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला. "आणि ऐक, तू आत्ता निघ आणि मला घ्यायला ये."

"मी? अगं, परवाना मिळाला ना तुला?"

"मिळाला ना. पण माझे दोन्ही पाय लटपटतायत, आणि मास्तरांनी याच गाडीवर पुढच्या तासाला नर्सबाईंना बोलावलंय."